जिप्सीला बनवून घेतलेलं एमपीएफआय मॅनिफोल्ड आणि वर-खाली होणारी रेस : तपासणी कुठून सुरू करायची

कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गल्लीत मी इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळ्यांची जोडणी, बनवतो, मुख्यतः जुन्या मारुती जिप्सीचे. १९९६ नंतरच्या जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन होतं आणि त्यावर कार्ब्युरेटर. २००० साली कंपनीनेच सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन आणलं, पण त्याचं मॅनिफोल्ड आठ व्हॉल्व्हच्या हेडला बसत नाही. पोर्ट वेगळे, स्टडच्या जागा वेगळ्या. त्यामुळे जुनं इंजिन ठेवून इंजेक्शन हवं असेल तर मॅनिफोल्ड बनवूनच घ्यावं लागतं: हेडला बसणारी पट्टी म्हणजे फ्लँज, प्रत्येक सिलिंडरला जाणारी एक अशा चार नळ्या म्हणजे रनर, वरचा हवेचा डबा म्हणजे प्लेनम, इंजेक्टरची चार बुशं आणि तोंडाशी थ्रॉटल बॉडी.

असं मॅनिफोल्ड बसवलेल्या गाड्या एकाच तक्रारीसाठी परत येतात. माझ्या हातच्या आल्यात, दुसरीकडे बनवलेल्याही आल्यात. येणारा सांगतो, "आयडलिंग लागत नाही, ट्यूनिंग करून द्या." लॅपटॉप जोडून आयडलचे आकडे दहादा बदललेले असतात. मी मात्र लॅपटॉपने एकही आकडा बदलण्याआधी मॅनिफोल्डमध्ये चोरून हवा शिरते का ते बघतो, कारण बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघतं. हवेची गळती असताना ट्यूनिंग केलं तर ते त्या गळतीचं ट्यूनिंग होतं. पुढे गळती वाढली किंवा बंद झाली की सगळे आकडे चुकतात.

लक्षणं

इंजिन गरम झालं की रेस, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, ९०० वरून १७००-१८०० वर जाते, धपकन खाली येते, परत वर जाते. हे तालात, दर दोन-तीन सेकंदांनी होतं. काही गाड्यांत रेस वर-खाली होत नाही, १४०० वर अडकून राहते आणि आयडल व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद असताना हवा देणारा) पूर्ण बंद केला तरी उतरत नाही. काही गाड्या सकाळी थंड असताना अगदी शहाण्यासारख्या चालतात आणि पंधरा मिनिटांनी एका सिलिंडरवर मिसिंग सुरू होतं. बॉनेट उघडलं की बारीक शीळ ऐकू येते. ब्रेक दाबला की रेस बदलते.

सगळ्यात उपयोगी खूण लॅम्डा मीटरवर दिसते, तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. आयडलला मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि गाडी ओढताना बरोबर, असं असेल तर बाहेरून हवा येते आहे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जास्त असतो आणि इंजिनला लागणारी हवा थोडी असते, म्हणून सुईएवढं भोकही मोठा हिस्सा खातं. पूर्ण थ्रॉटलला आत-बाहेर दाब जवळजवळ सारखा होतो आणि त्या भोकाला किंमत उरत नाही. याच्या उलट, आयडलला बरोबर आणि जोरात ओढताना लीन होत असेल तर पंप, फिल्टर किंवा पेट्रोलचा दाब बघा. सगळीकडे सारखंच लीन असेल तर मॅपच, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं तो लॅपटॉपवरचा तक्ताच, कमी लिहिलेला आहे. शुद्ध पेट्रोल धरून लिहिलेल्या मॅपवर आजचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरलं की हे होतं, कारण त्याला आकारमानाने साधारण ७ ते ८ टक्के जास्त इंधन लागतं. हे तीन प्रकार आधी वेगळे ओळखले तर निम्मी धावपळ वाचते.

रेस तालात का नाचते

हे समजून घेतलं की पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागतो. आपण पायाने थ्रॉटल सोडला आणि रेस ठरावीक आकड्याच्या वर असली की ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) इंजेक्टर बंद करतो, उतारावर पेट्रोल वाचावं म्हणून. गळतीमुळे थ्रॉटल बंद असूनही रेस चढत जाते आणि त्या आकड्याला टेकते. ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो, रेस पडते, खालच्या आकड्याला पेट्रोल परत सुरू होतं आणि रेस पुन्हा चढते. ही पेट्रोल तोडण्याची मर्यादा लॅपटॉपवर वर सरकवली की नाच थांबतो, आणि बरेच जण दुरुस्ती झाली असं समजून तिथेच थांबतात. हवा मात्र आत येतच असते.

दुसरी गोष्ट, गळती प्लेनमवर आहे की एखाद्या रनरवर, यावर लक्षण बदलतं. या गाड्यांत बहुधा मॅप सेन्सर असतो, म्हणजे ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतो. प्लेनमला भोक असेल तर ती हवा चारही सिलिंडरांना वाटली जाते, दाब वाढलेला सेन्सरला दिसतो, ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो. मिश्रण फारसं बिघडत नाही, रेस वाढते. भोक एखाद्या रनरच्या फ्लँजपाशी असेल तर ती हवा मुख्यतः त्या एकाच सिलिंडरला जाते. तो लीन होऊन मिस करतो, न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, लॅम्डा सेन्सर सगळ्या इंजिनाला लीन समजतो आणि ईसीयू बाकीच्या तीन सिलिंडरांना उगाच पेट्रोल पाजतो. मग तीन प्लग काळे आणि एक पांढरा निघतो. असे प्लग हातात आले की मी सरळ फ्लँजकडे वळतो.

१. नळ्या आणि उघडी तोंडं : पैसे शून्य

मूळ कार्ब्युरेटरला बऱ्याच बारीक नळ्या गेलेल्या असतात. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची, पेट्रोलच्या वाफेच्या डब्याची, एअर फिल्टरच्या झडपेची. कार्ब्युरेटर काढताना यातली एखादी नव्या मॅनिफोल्डला जोडली जाते आणि तिचं दुसरं टोक उघडंच राहतं. प्रत्येक नळी टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपा. वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच दिसतात.

मग इंजिन चालू ठेवून एकेक नळी चिमट्याने दाबा. चिमट्याच्या जबड्यांना चिंधी गुंडाळा म्हणजे नळी कापणार नाही. जी दाबल्यावर रेस लगेच उतरते तिच्या पलीकडे गळती आहे. ब्रेक बूस्टरची जाड नळी विसरू नका. ती दाबून आयडल सुधारला तर बूस्टरचा पडदा किंवा त्याचा एकदिशा व्हॉल्व्ह गेलेला आहे. तिथे पुढची तपासणी थांबवा, गाडी चालवू नका, ब्रेकचं काम करणाऱ्याकडे न्या.

ही तपासणी पहिली ठेवायचं कारण एवढंच नाही की ती फुकट आहे. नळी उघडी असेल तर पुढची प्रत्येक तपासणी खोटं उत्तर देते.

२. तोंड झाकून बघणे : हेही फुकट

एअर फिल्टर काढा. आयडल व्हॉल्व्ह लॅपटॉपवरून पूर्ण बंद करा. इंजिन चालू असताना थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर रबर शीट चिकटवलेली सपाट फळी दाबून धरा. हात लावू नका. मॅनिफोल्ड हवाबंद असेल तर इंजिन एक-दोन सेकंदात मरतं. फळी दाबलेली असूनही ते धडपडत चालत राहिलं, तर त्याला श्वास दुसरीकडून मिळतो आहे. फळीनंतर इंजिन लगेच मेलं तर दोष बहुधा थ्रॉटल बॉडीतच: पाकळी पूर्ण मिटत नाही, केबल ताणलेली आहे, थांबण्याचा स्क्रू आत घुसवलेला आहे. केबलला दोन मिलीमीटर ढील हवीच. इंजिन एका बाजूला कलतं तेव्हा घट्ट केबल स्वतःच थ्रॉटल उघडते.

इतक्या साध्या तपासणीने पुढचा रस्ता दोन भागांत फुटतो, म्हणून ती कधी वगळत नाही.

३. सेन्सर खरं बोलतात का

किल्ली चालू, इंजिन बंद. मॅप सेन्सरचा आकडा बघा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचाच दाब असतो, त्यामुळे समुद्रकिनारी रत्नागिरीत हा आकडा १०१ किलोपास्कलच्या आसपास, कोल्हापुरात ९५ च्या आसपास, पन्हाळ्यावर ९० च्या जवळपास दिसायला हवा. कोल्हापुरात उभ्या गाडीत १०४ दिसत असेल तर ईसीयूत सेन्सरचा प्रकार चुकीचा निवडला आहे, आणि मग पेट्रोलचं सगळं गणितच चुकतं.

थंड इंजिनावर कूलंट सेन्सर आणि हवेचा सेन्सर दोन्ही जवळजवळ सारखं तापमान दाखवतात का? रात्रभर उभ्या गाडीत फरक पाच अंशांहून जास्त नको. मल्टिमीटर असेल तर नेहमीचा कूलंट सेन्सर २० अंशाला अडीच किलोओहमच्या आसपास आणि ८० अंशाला तीनशे-साडेतीनशे ओहम दाखवतो. सेन्सर थंडी सांगत राहिला तर ईसीयू गरम इंजिनालाही थंडीचं जास्तीचं पेट्रोल आणि जास्तीची हवा देत राहतो. रेस तशीही चढी राहते आणि आपण गळती शोधत बसतो.

आता इंजिन गरम करून ९०० च्या रेसला मॅप सेन्सरचा आकडा बघा. मूळ कॅमच्या निरोगी इंजिनात तो ३० ते ४० च्या दरम्यान बसतो. ५० च्या वर असेल तर गळती, उशिरा पडणारी ठिणगी, घट्ट टॅपेट (व्हॉल्व्हची फट कमी) किंवा एक दात सरकलेला टायमिंग बेल्ट, यांपैकी काहीतरी आहे.

ठिणगीचं लगेच बघून घ्या, त्याला फक्त टायमिंग लाइट लागते. ईसीयूत टायमिंग १० अंशांवर अडकवा आणि खुणेवर खरोखर १० दिसतं का बघा. डिस्ट्रिब्युटर जुनाच ठेवलेला असेल तर तो फिरवून ते जुळवावं लागतं. स्क्रीनवर लिहिलेले १० आणि इंजिनात पडणारे १० एकच आहेत असं गृहीत धरून मी एकदा दोन दिवस घालवलेत. तेव्हापासून लाइट लावल्याशिवाय पुढे जात नाही.

४. साबणाचं पाणी

बरेच जण चालत्या इंजिनावर कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधतात. जिथे मारल्यावर रेस बदलते तिथे गळती. उपाय चालतो, पण फवारा ज्वालाग्राही असतो आणि पलीकडेच एक्झॉस्ट तापलेला. मी तो करत नाही आणि तुम्हीही करू नका.

इंजिन बंद आणि थंड असताना थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर रबरी टोपी किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा क्लिपने आवळा. त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला असला की काम सोपं. पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातली वाफ मॅनिफोल्डकडे ओढणारी, नळी बंद करा. मग रेग्युलेटर लावून २ ते ३ पीएसआय हवा भरा. याच्या वर जाऊ नका, जास्त दाबाने ऑइल सील बाहेर येतात. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने फ्लँजवर, वेल्डिंगवर, इंजेक्टरच्या मुळाशी, थ्रॉटल बॉडीच्या पॅकिंगवर लावा. बुडबुडे जागा दाखवतात. एखादा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतोच, त्यामुळे ऑइल भरण्याच्या तोंडातून किंवा एक्झॉस्टमधून थोडी हवा सुसकारत येणं स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नका.

फ्लँजची खालची बाजू डोळ्याने दिसत नाही, आणि गळती बहुधा तिथेच असते. आरसा आणि टॉर्च घ्या. आरशातही दिसत नसेल तर धुराचं यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासाचं काम करून घ्या. अंदाजाने पैसे घालत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

गाडी गरम झाल्यावरच बिघडत असेल तर ही चाचणी गरम इंजिनावर परत करा. थंडीत घट्ट बसलेली ओ-रिंग किंवा फ्लँजचा कोपरा गरम झाल्यावर सुटतो.

५. इंजेक्टरच्या ओ-रिंग

बुडबुडे इंजेक्टरच्या मुळाशी आले तर रेल काढून ओ-रिंग बघा. साध्या नायट्रिल रबरच्या रिंग इथेनॉलच्या पेट्रोलने फुगतात आणि मग कडक होतात. एफकेएम, म्हणजे बाजारात ज्याला वायटन म्हणतात, त्याच घ्या. बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा, कोरडी रिंग पिळली जाऊन कापते.

नवी रिंग घालूनही गळती राहिली तर बुश अंडाकृती झालंय. हा वेल्डिंगचा दोष असतो. बुश आधी अचूक बोर करून नंतर वेल्ड केलं की उष्णतेने त्याचा आकार बिघडतो. बुश वेल्ड करायचं, थंड होऊ द्यायचं आणि मग शेवटचा बोर मारायचा, हाच क्रम बरोबर. रेलचे पायही बघा. रेलचा बोल्ट आवळताना इंजेक्टर तिरके ओढले जात असतील तर रिंग एका बाजूला दाबली जाते, दुसऱ्या बाजूला मोकळी राहते. बोल्ट ढिले असताना चारही इंजेक्टर बोटाने फिरले पाहिजेत, आवळल्यानंतरही.

रेल काढायच्या आधी पेट्रोलचा दाब उतरवा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन स्वतः बंद पडेपर्यंत चालवा. रेलमध्ये ३ बार दाब असतो, कार्ब्युरेटरच्या काळातल्यासारखं पेट्रोल तिथे ठिबकत नाही, ते फवारतं. आणि कार्ब्युरेटरची जुनी रबरी नळी जर अजून दाबाच्या बाजूला असेल तर आधी ती काढा, बाकी सगळं नंतर. त्या जागी इंजेक्शनसाठीची, जे३०आर९ दर्जाची नळीच हवी.

जाताजाता प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी ओढून वास घ्या. आत पेट्रोल असेल तर त्याचा पडदा फाटलाय आणि मॅनिफोल्ड तिथून पेट्रोल ओढतंय. रेग्युलेटर बदला.

६. कोणता सिलिंडर?

इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं सॉकेट काढा आणि रेस किती पडते लिहून ठेवा. ज्याचं काढल्यावर फरक पडत नाही तो आधीच काम करत नाही. आता त्या सिलिंडरला लागून काय जोडलंय ते बघा. बनवलेल्या मॅनिफोल्डमध्ये खरी मजा इथे कळते.

ब्रेक बूस्टरचं, पीसीव्हीचं किंवा आयडल व्हॉल्व्हचं निपल चुकून एका रनरवर वेल्ड केलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय, कारण तिथे हात पोचायला सोपं असतं. आयडलला इंजिन जेवढी हवा घेतं त्यातली बहुतेक जर आयडल व्हॉल्व्हमधून येत असेल आणि ती चार नंबरच्या रनरमध्ये सोडली असेल, तर चार नंबर हवेने भरतो आणि बाकीचे उपाशी राहतात. हे गळतीसारखंच दिसतं, पण साबणाने कधी सापडत नाही. मॅप सेन्सरची नळी एका रनरवरून घेतली असेल तर प्रत्येक सक्शनच्या झटक्यासोबत आकडा उडत राहतो आणि ईसीयू त्या उड्यांमागे पेट्रोल बदलत राहतो. ही सगळी निपल प्लेनमवर, मध्याजवळ हवीत. मॅपची तर वरच्या बाजूला, म्हणजे नळीत पेट्रोल-ऑइल साचणार नाही.

७. मॅनिफोल्ड काढायची वेळ : नट, स्टड आणि फ्लँज

इथपर्यंत काही सापडलं नाही, किंवा बुडबुडे फ्लँजलाच आले, तर मॅनिफोल्ड काढावं लागतं. या इंजिनात मूळ मॅनिफोल्डमधून कूलंटही जातं आणि थर्मोस्टॅटही तिथेच असतो. इंजिन पूर्ण थंड करा, कूलंट काढा, मगच नटाला पाना लावा.

काढतानाच नटांचा हिशेब ठेवा. कोणता किती घट्ट होता ते लिहा. दोन चुका इथे सारख्या सापडतात आणि दोन्ही आवळताना कळत नाहीत.

पहिली चूक: मूळ फ्लँजच्या मानाने बनवलेली फ्लँज जाड असते, मी स्वतः १२ मिलीमीटरची पट्टी वापरतो. स्टड जुनेच ठेवले तर नटाला चार-पाचच आटे मिळतात आणि पुरेसा दाब येण्याआधीच आटे ताणतात. काही ठिकाणी उलट होतं. लांब स्टड घातलेला असतो आणि त्याचे आटे संपतात तिथे नट अडकतो. पाना सांगतो घट्ट, पण फ्लँज दाबलेलीच नसते. वायसर घालून बघा, नट पुढे सरकला तर हाच दोष.

दुसरी चूक खालच्या रांगेची. रनर फ्लँजच्या इतके जवळ उतरवलेले असतात की खालच्या नटाला सॉकेट जातच नाही. मग तिरका पाना, अर्धा फेरा, "झालं". वरचे नट २० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि खालचे बोटाने फिरवता येतील असे. गरम झालं की फ्लँज खालून उघडते. ज्याच्याकडून मॅनिफोल्ड बनवून घ्याल त्याला वेल्डिंगच्या आधी, टाके मारलेले असतानाच, प्रत्येक नटावर सॉकेट घालून दाखवायला सांगा. वेल्ड झाल्यावर हा दोष जवळजवळ निस्तरत नाही.

आता पॅकिंग वाचा. काढलेलं पॅकिंग फेकू नका. जिथे दाब आला तिथे ते चकचकीत आणि चेपलेलं असतं, जिथे आला नाही तिथे फुगीर, मळकं, कधी पेट्रोलने रंगलेलं. हा नकाशाच असतो. मग फ्लँजवर सरळ पट्टी उभी ठेवून फिलर गेज घाला, लांबीत, आडवं आणि कर्णातही. ०.०५ मिलीमीटरपर्यंत पॅकिंग सांभाळून घेतं. ०.१० ची पट्टी कुठेही शिरली तर फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करून घेणं, केल्याशिवाय बसवू नका.

फ्लँज वाकते कारण वेल्डिंगचा रस थंड होताना आकसतो. चार रनर एकाच बाजूला वेल्ड केलेले, म्हणून पट्टी धनुष्यासारखी त्या बाजूला ओढली जाते. दोन टोकांची पोर्ट हेडपासून सुटतात. एक आणि चार नंबर लीन आणि मधले दोन ठीक, असं चित्र दिसलं तर मला पट्टी लावायच्याही आधी उत्तर माहीत असतं. नट जास्त आवळून वाकलेली फ्लँज सरळ करायला जाऊ नका. थोडीफार सरळ होईलही, पण हेडमधल्या अॅल्युमिनियमचे आटे निघतील आणि काम दहापट वाढेल.

फेसिंग मिलिंग मशीनवर किंवा हेड घासणाऱ्याकडे करून घ्या. दर वेळी कमीत कमी माल काढायचा, आणि नंतर पोर्ट पॅकिंगशी जुळतात का बघायचं. मी नवं मॅनिफोल्ड बनवताना फ्लँज २५ मिलीमीटरच्या लोखंडी पाटावर बोल्टने बांधूनच आर्गन वेल्डिंग करतो, मधून बाहेर, एक आड एक रनर, आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत पाटावरून सोडत नाही. तरीही ती थोडी ओढली जातेच, म्हणून एक मिलीमीटर माल आधीच जास्त ठेवून शेवटी फेसिंग करतो. वेल्डिंगच्या आधी केलेलं फेसिंग वाया जातं.

पॅकिंगला सिलिकॉन सीलंट थापू नका. साधं सिलिकॉन पेट्रोलने सुटतं, तुकडे व्हॉल्व्हकडे जातात आणि त्याच्या वाफेने लॅम्डा सेन्सर खराब होतो. फ्लँज सपाट असेल तर त्याची गरज पडत नाही. ती पडते आहे असं वाटलं तर फ्लँज सपाट नाही.

८. वेल्डिंगमधली सूक्ष्म भोकं

मॅनिफोल्ड हातात आहेच तर सगळी तोंडं बंद करून ५ पीएसआय हवा भरा आणि पाण्याच्या टबात बुडवा. वेल्डच्या रेषेतून बारीक बुडबुड्यांची माळ आली तर आतून सच्छिद्र आहे. अॅल्युमिनियमच्या वितळलेल्या रसात ओल, तेल, ग्रीस यांतला हायड्रोजन मिसळतो आणि थंड होताना भोकं सोडून जातो. आपल्या पावसाळ्यात उघड्या पडलेल्या फिलर रॉडने हे हमखास होतं. जुन्या ओतीव मॅनिफोल्डचा तुकडा कापून त्याला नवा प्लेनम जोडला असेल तर आणखीच. वीस-पंचवीस वर्षं तेल प्यायलेलं ते ओतकाम वेल्ड करताना फेसाळतं. अशी जागा ग्राइंड करून, अॅसिटोनने पुसून, परत वेल्ड करावी लागते. बाहेरून एपॉक्सी लावलेली गाडी माझ्याकडे महिन्या-दोन महिन्यांत परत आलीच आहे.

आणि प्लेनमला आधार देणारा ब्रॅकेट आहे का बघा. नसेल तर एवढं वजन फ्लँजवर लटकून हलत राहतं आणि रनरच्या मुळाशी तडा जातो. ब्रॅकेटची भोकं लांबट ठेवा आणि तो सगळ्यात शेवटी आवळा. आधी आवळला तर तोच मॅनिफोल्डला हेडपासून ओढतो.

इथे थांबा

पेट्रोलचा वास येतोय किंवा कुठेही ओल दिसतेय: इंजिन बंद, बॅटरीची तार काढा, गाडी ढकलत न्या. ब्रेकचं पॅडल कडक झालंय: चालवू नका. कूलंट कमी होतंय पण बाहेर कुठे सांडत नाही, किंवा एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय: फ्लँजच्या पाण्याच्या वाटेतून कूलंट पोर्टमध्ये जात असेल किंवा हेड गॅस्केट गेलं असेल. इंजिन फिरवत राहिलात तर सिलिंडरमध्ये पाणी साचून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, त्यामुळे हे काम इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीचं. वरच्या सगळ्या तपासण्या नीट निघाल्या आणि एक सिलिंडर तरीही मरतोय: आधी टॅपेट, मग कॉम्प्रेशन, आणि ते कमी आलं तर पुढे हेड उघडायचं काम. अॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग गाडीवर ठेवून कुणालाही करू देऊ नका. ईसीयूही जातो आणि पेट्रोल शेजारीच असतं.

मॅनिफोल्ड हवाबंद, दाब बरोबर, टायमिंग जुळलेलं, आणि तरी आयडल लागत नाही, तेव्हा ते खरंच ट्यूनिंगचं काम आहे. गाडी रोलरवर चालवून मोजणाऱ्या ट्यूनरकडे जा आणि ही सगळी मोजमापं लिहून न्या. रस्त्यावर चालणाऱ्या नोंदणीकृत गाडीत इंजिनाची इंधनपद्धत बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं, त्यामुळे मॅनिफोल्ड बनवायला टाकायच्या आधीच आरटीओत विचारून घ्या.

बसवल्यानंतर

पहिल्यांदा पूर्ण गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट मधून बाहेर या क्रमाने परत आवळा, नेहमी थंड असताना. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. मग गरम इंजिनावर ९०० च्या रेसचा मॅपचा आकडा आणि तारीख प्लेनमवर मार्करने लिहून ठेवा. माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक मॅनिफोल्डवर तो लिहिलेला असतो. दोन वर्षांनी गाडी रेस चढल्याची तक्रार घेऊन आली की बॉनेट उघडून आधी तो आकडा वाचतो, शेजारी आजचा आकडा लिहितो, आणि नळ्या चाचपायला घेतो.